डावी बगल

"घे की आनंदा, हात भाजतोय माझा," मी म्हटलं.

मी त्याच्या डाव्या अंगाला उभा होतो, चहाचा ग्लास त्याच्या खांद्याजवळ धरून. तो समोर मैदानाकडं बघत बसला होता. पोरं सकाळचा सराव आटपून बूट सोडत होती. माझा आवाज ऐकून त्यानं मान वळवली, मग खांदेही वळवले, आणि मग कुठं त्याला ग्लास सापडला.

"कवा आलास?"

"कवा म्हणजे? तुझ्या बाजूनंच चालत आलो की. हाकही मारली."

त्यानं ग्लास घेतला, पण तोंडाला लावला नाही. शेवटचं पोरगं सायकलवर टांग टाकून जाईपर्यंत तो गप्प बसला. मग म्हणाला, "दिन्या, एक सांगतो. पेठेत कुणाला कळता कामा नये."

हे एकोणीसशे त्र्याऐंशीचं. आनंदा मुळीक आमच्या चिंचेच्या तालमीच्या संघाचा मॅनेजर होता आणि मी, दिनकर चौगुले, सेक्रेटरी. ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल बघितला नाही त्यांना एवढंच सांगतो, की इथं तालमीतालमीचे संघ असतात. आत तांबड्या मातीत कुस्ती आणि बाहेर मैदानावर फुटबॉल. संघ हरला की पेठेत दोन दिवस कुणी मोठ्यानं हसत नाही. त्या वर्षी वरिष्ठ गटात आठ संघ होते. प्रत्येकाशी एक, असे सात सामने, आणि जो तळाला राहील तो खालच्या गटात जाणार. आम्ही पहिले तीन सामने हरून बसलो होतो. चिंचेची तालीम खालच्या गटात कधी गेली नव्हती, आमच्या बापजाद्यांच्या काळातही नाही.

"डोळं चाललेत माझं," आनंदा म्हणाला. "मिरजेला दाखवून आलो. काचबिंदू म्हणतात. म्होरलं दिसतंय, बाजूचं दिसत न्हाई. नळकांड्यातनं बघितल्यागत झालंय."

तो उद्यमनगरात लेथवर काम करायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याला मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं होतं. पेठेत सगळ्यांना वाटलं, बढती मिळाली. मीही त्याच्याकडून पेढा खाल्ला होता.

"मग सोड की मॅनेजरकी," मी म्हटलं.

"तीन मॅच हरून? अशी सोडू?" तो माझ्याकडं वळला. "हे वरीस निभावू दे. तू माझ्याशेजारी बेंचवर बस. बॉल मी बघतो. जिथं बॉल न्हाई तिथं काय चाललंय ते तू सांगत जा. कोण मोकळा आहे, कोण पुढं सरकलाय, बगलेत कोण धावतोय. एवढंच."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? आम्ही एकाच वर्षी तालमीत शिरलो होतो. बारा वर्षं एका संघात खेळलो, तो मधल्या फळीत आणि मी आघाडीला. त्याची ख्याती एकच होती, बघायचा एकीकडं आणि पास द्यायचा दुसरीकडं. बगलेत माणूस कुठं आहे हे त्याला न बघता कळायचं. लोक म्हणायचे, आनंदाला कानानं दिसतं. तोच माणूस आता मला म्हणत होता, मला बाजूचं सांग.

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण घरी जाताना, तालमीच्या कोपऱ्यावर, त्या वाईटाच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. ते काय होतं, ते सांगण्यासाठी जरा मागं जायला हवं.

सहासष्टच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला जो गोल झाला, तो मी मारला होता. दोघांच्या मधून घुसून डोक्यानं मारला. भुवईवर चार टाके पडले. त्यांची खूण अजून आहे. पण पेठेत त्या गोलाला काय म्हणतात? 'आनंदाचा पास'. सतरा वर्षं मी हे ऐकत होतो. लग्नात, बारशाला, मयतीला गेलं तरी. कुणीतरी पाहुणा आला की त्याला आनंदापुढं उभा करायचे आणि सांगायचे, "ह्यो बघा, सहासष्टचा पास दिलेला माणूस." मी शेजारी उभा असायचो. अडुसष्टला माझी एक पेनल्टी खांबाला लागून परत आली, तर पोरं दोन वर्षं मला 'दांडीबहाद्दर' म्हणत होती. ते मात्र माझ्या नावावर लागलं.

पुढं तो मॅनेजर झाला आणि मी सेक्रेटरी झालो. म्हणजे संघ त्याचा आणि संघाची पत्रं लिहायला मी. नऊ वर्षं. दरवर्षी पोरं मोसमाच्या पहिल्या दिवशी त्याच्या पाया पडायची आणि मला विचारायची, "दिनकरअण्णा, मोजे आलेत का?"

बाहेरून आम्ही जिवलग होतो. तो मला भाऊ मानायचा, आणि मी त्याला मानत नव्हतो असंही नाही. पण त्याला कुणी हार घातला की माझं पोट दुखायचं. ह्याला दुसरं नाव नाही.

चौथ्या सामन्याला मी बेंचवर त्याच्याशेजारी बसलो. शाहू स्टेडियमवर दुपारचं कडक ऊन होतं. समोरचा संघ आमच्यापेक्षा दुपटीनं तगडा. मी हात तोंडाशी धरून सांगत राहिलो. "त्यांचा पाच नंबर वर आलाय. आपला उजवा मागं राहिलाय. डावीकडं अकरा नंबर एकटाच हाय." मी बोलायचो आणि आनंदा उभा राहून ओरडायचा. माझं वाक्य संपण्याच्या आत त्याला पुढचं कळलेलं असायचं. पोरं त्याच्या हाकेसरशी जागा बदलायची. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. त्या मोसमातला पहिला गुण.

संध्याकाळी पेठेत शिरताना लोक दोन्ही बाजूंनी उभे होते. तीन सामने हरलेल्या मॅनेजरला खरं तर शिव्या पडायच्या. पण भाजी विकणारी हौसाक्का टोपली सोडून उठली आणि तिनं आनंदावरून मीठमोहरी ओवाळून टाकली. पानवाल्या सदू जरगनं माझ्या खांद्यावर थाप मारली. सदू आमच्या कार्यकारिणीत होता आणि गेला महिनाभर मॅनेजर बदला म्हणून ओरडत होता.

"काय नजर हाय राव ह्या माणसाची!" तो मला म्हणाला. "बसल्या जागेवरनं अख्खं ग्राउंड दिसतंय. उगंच बोललो मी."

आनंदा माझ्यापुढं चार पावलं चालत होता. त्यानं हे ऐकलं. तो मागं वळेल, निदान हसून माझ्याकडं बघेल, असं मला वाटलं. तो वळला नाही. वळून तरी काय सांगणार होता? गुपित त्यानंच मला राखायला सांगितलं होतं, आणि ते राखायचं तर नजर त्याचीच असायला हवी होती. हे सगळं मला डोक्यानं कळत होतं. त्या रस्त्यावर मात्र मला एवढंच कळलं, की आता माझे डोळेसुद्धा ह्याच्या नावावर गेले.

पाचवा सामना आम्ही तीन-शून्यनं हरलो.

तिन्ही गोल डाव्या बगलेतून आले. त्यांचा सात नंबरचा एक लुकडा पोरगा आमच्या डाव्या बाजूनं वाऱ्यासारखा आत शिरायचा. सामना संपल्यावर आनंदा बेंचवर तसाच बसून राहिला.

"आज काय झालं रं दिन्या?"

"पोरं धावलीच न्हाईत," मी म्हटलं.

"डावीकडनं?"

"डावा बॅक कच्चा हाय आपला."

त्यानं मान हलवली. पुढं काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी तालमीत सभा भरली. आखाड्याच्या कडेला सतरंजी अंथरली होती. अध्यक्ष हिंदुराव वस्ताद, ऐंशीला टेकलेले, भिंतीला पाठ लावून बसले होते. बाकी कार्यकारिणीत आम्ही पाच जण मत देणारे. आनंदाला वस्तादांनी मुद्दाम बोलावलं होतं. माणसाबद्दल त्याच्या पाठीमागं बोलायचं नाही, ही त्यांची रीत.

सदू जरगनं सुरुवात केली. त्याच्या हातात कागद होता. तो कागद मी करून दिला होता. सेक्रेटरी म्हणून मागितला, दिला.

"पाच मॅच," सदू म्हणाला. "अकरा गोल खाल्ले. त्यातले आठ बगलेतनं. नऊ वर्षं एकच माणूस हाय, आमी काय बोललो न्हाई. पण आता खालच्या गटात जायची पाळी आली. आनंदाभाऊ, तुमच्याबद्दल आदर हाय. पण माणूस बदलायलाच पायजे."

"माणूस बदलून काय हुतंय?" महंमद अत्तार उसळला. तो आमच्या जुन्या संघाचा गोलकीपर, आवाजाचा मोठा. "तीन पोरं नोकरीला पुण्याला गेली. त्यांच्या जागी कोण आलं? कालची कॉलेजची पोरं. त्याला काय आनंदा जबाबदार हाय? दोन सामने राहिलेत आणि तुमी घोडा बदलायला निघालाय."

"घोडा बदलतोय, कारण घोडा बसलाय!"

"तोंड सांभाळून बोल सदू!"

वस्तादांनी हात वर केला. दोघं गप्प झाले. राहिलेल्या दोघांची मतंही पडली. एक आनंदाच्या बाजूनं, एक विरोधात. दोन-दोन झाले.

वस्तादांनी आनंदाला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"दोन सामने द्या," आनंदा म्हणाला. "पोरं आता कुठं जुळायला लागलीत. चौथ्या सामन्याला तुमी बघितलं. दोन सामन्यांनंतर मी आपणहून जातो. पण आता मधीच नको."

"दिनकर," वस्ताद म्हणाले. "तू सेक्रेटरी. त्याच्यासंगं खेळलास. बेंचवरही तूच असतोस. तुझं मत सांग."

आनंदानं मला शोधायला मान फिरवली. मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो. त्याची नजर आधी महंमदवर गेली, मग खांबावर, मग माझ्यावर येऊन थांबली. सापडल्यावर तो हसला. मी त्याच्या बाजूनं बोलणार याची त्याला इतकी खात्री होती, की तो हसून परत समोर बघायला लागला.

ते हसू मला सोसलं नाही.

"आनंदाला बाजूचं दिसत न्हाई," मी म्हटलं.

कुणाला काही कळलं नाही. "म्हंजे?" सदूनं विचारलं.

"काचबिंदू हाय. डोळं चाललेत. बगलेत काय चाललंय ते त्याला दिसत न्हाई. मीच त्याला सांगत असतो. चौथ्या सामन्याला मीच सांगितलं."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण ते बोलल्याशिवाय मला राहवलं नाही.

 महंमद माझ्याकडं असा बघत होता, की मी खाली सतरंजीकडं बघायला लागलो. वस्ताद सावकाश उठले. गुडघ्यावर हात देत आनंदाजवळ आले आणि त्याच्या बाजूला उभे राहिले.

"आनंदा, म्होरं बघ."

त्यानं समोर बघितलं. वस्तादांनी आपला हात त्याच्या कानाच्या रेषेत धरला आणि दोन बोटं वर केली.

"बोटं किती?"

आनंदा थांबला. 

"कुठल्या हाताची, वस्ताद?" त्यानं विचारलं.

वस्तादांनी हात खाली घेतला आणि तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला.  सदू जरग, जो महिनाभर ओरडत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं गळ्यातली शिट्टी काढली आणि सतरंजीवर ठेवली.

"दिनकरला द्या," तो म्हणाला. "पोरांना तोच ओळखतो. दुसरा कोण आणला तर दोन सामन्यांत त्याला नावंबी कळायची न्हाईत."

एवढं बोलून तो उठला. दाराशी त्याला चप्पल सापडेना. ती बाजूला सरकली होती. महंमदनं धावत जाऊन ती त्याच्या पायाशी ठेवली.

मी मॅनेजर झालो.

तिसऱ्या दिवशी आनंदाची बायको, सुशीलावहिनी, माझ्या घरी आली. मी दार उघडलं. म्हटलं, आता ही बोलणार. बोलू दे, ऐकून घेऊ. तिनं पदराखालून डबा काढून माझ्या बायकोच्या हातात दिला. पुरणपोळ्या होत्या.

"भावजी, तुमचे लई उपकार झाले," ती म्हणाली. "सहा महिने सांगत होते मी. उन्हात बसू नका, डॉक्टर काय म्हणाले ते ऐका. ऐकत नव्हते. पेठ काय म्हणंल, पेठ काय म्हणंल. तुमी मन घट्ट केलं म्हणून सुटले. सख्खा भाऊ पण असं करणार न्हाई."

ती गेल्यावर बायकोनं ताट वाढलं. मी म्हटलं, मला भूक नाही.

सहावा सामना आम्ही बरोबरीत सोडवला. सातवा दोन-एकनं जिंकलो. एका गुणानं तळाच्या वर राहिलो. सगळं बरोबर झालं होतं. ज्याला दिसत नाही त्यानं संघ बघू नये, हे कुणीही मान्य करील. सदू म्हणाला, "दिनकरअण्णा, तुमी वेळेवर बोललात." वस्ताद म्हणाले, "कठीण काम केलंस." सातव्या सामन्यानंतर पोरांनी मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. आयुष्यात पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर माझ्या नावाचा गजर झाला. सतरा वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळत होतं.

खांद्यावरून मला प्रेक्षकांची गॅलरी दिसत होती. तिथं तिसऱ्या पायरीवर आनंदा बसला होता. वहिनीनं त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. त्याच्याभोवती पेठेतली तीस-चाळीस माणसं कोंडाळं करून उभी होती, मैदानाकडं पाठ करून, आणि सगळी एकदम त्याला सांगत होती, दुसरा गोल कसा झाला, कुणी मारला, कुठल्या पायानं मारला. तो मान खाली घालून ऐकत होता, हसत होता, मधेच काही विचारत होता. माझ्या नावाचा गजर चालू होता, आणि मी खांद्यावर बसून त्या कोंडाळ्याकडं बघत होतो.

मी सात वर्षं मॅनेजर होतो. एकदा आम्ही उपविजेते झालो. कुणी वाईट म्हणालं नाही, कुणी फार चांगलंही म्हणालं नाही. नंतर एका तरुण माणसाकडं शिट्टी दिली आणि मोकळा झालो.

तोवर आनंदाची नजर पुरती गेली होती. तरी तो सामना चुकवायचा नाही. वहिनी त्याला गॅलरीपर्यंत आणून सोडायची. मॅनेजरकी सोडल्यावर पहिल्याच सामन्याला मी सवयीनं स्टेडियमवर गेलो आणि जागा शोधत त्याच्यासमोर आलो. तो एकटाच बसला होता. जुनी माणसं कमी झाली होती, नव्यांना तो माहीत नव्हता.

"दिन्या का?" त्यानं विचारलं. माझ्या चालण्यावरून ओळखलं असावं. "बस. आज तर तुला बेंच न्हाई."

मी बसलो. त्यानं विचारलं नाही आणि मीही ठरवलं नव्हतं, पण सामना सुरू झाल्यावर मी त्याच्या कानाशी सांगायला लागलो. तेव्हापासून वीस वर्षं मी त्याच्याशेजारी बसत आलो. कुठं काय चाललंय ते सांगत आलो. लोक म्हणायचे, काय दोस्ती आहे म्हाताऱ्यांची! मी ऐकून घ्यायचो.

मग एका फेब्रुवारीत, मी सत्तरीच्या घरात आल्यावर, एका सामन्याच्या मध्यंतराला मी त्याला म्हटलं, "आनंदा, त्र्याऐंशीचं एक सांगायचं हाय."

"सभेचं व्हय? ते जाऊ दे. खरं तेच बोललास तू."

"सभेचं न्हाई. त्याच्या आधीचं."  सभेत मी खरं बोललो होतो, म्हणूनच मला कुणी कधी बोल लावला नाही. ज्याबद्दल लावायला हवा होता, ते कुणाला माहीतच नव्हतं. "पाचव्या सामन्याला त्यांचा सात नंबर पहिल्या मिनिटापासनं मोकळा हुता. मला दिसत हुता. प्रत्येक वेळी दिसत हुता. मी तुला सांगितलं न्हाई."

 आनंदानं खिशातून सुपारीची पुडी काढली, उघडली आणि माझ्यापुढं केली.

"तिन्ही गोल माझ्यामुळं झाले," मी म्हटलं. "चौथ्या सामन्याला सगळी तुझ्या नजरेचं कौतुक करायला लागली, ते मला बघवलं न्हाई. आपलीच तालीम बुडत हुती आणि मी तोंड मिटून बसलो."

"ठाऊक हाय मला."

"काय ठाऊक हाय?"

"चौथ्या सामन्याला तू आधी बोलायचास, मग पब्लिक ओरडायचं. पाचव्याला डावीकडनं पब्लिक आधी ओरडायचं आणि तू त्याच्यानंतर. पहिल्या गोललाच कळलं मला. म्हटलं चुकलं असंल. दुसऱ्यालाबी तसंच झालं. मग काय राहिलं कळायचं?"

"मग सभेत बोलला का न्हाईस?" माझा आवाज चढला. खालच्या पायरीवरची दोन पोरं वळून बघायला लागली. "मी तुझं गुपित फोडलं, तेव्हा तू माझं फोडायचंस. सगळ्यांसमोर. महंमदनं मला जित्ता सोडला नसता."

"आणि दोन सामने कुणी बघायचे?" आनंदा म्हणाला. "माझं डोळं तर गेलेच हुते. तुझंबी घालवून बसलो असतो, तर तालमीला राहिलं असतं काय? मला राग आला न्हाई असं न्हाई. वरीसभर तुझं नाव काढलं न्हाई घरात. सुशीला पुरणपोळ्या घेऊन तुझ्याकडं निघाली, तवा तिला सांगावं असं वाटलं. पण मग म्हटलं, जाऊ दे. सांगायचंच असलं तर त्याचं तो सांगंल." पुडी त्यानं अजून माझ्यापुढंच धरली होती. "लई उशीर लावलास मात्र."

मी सुपारी तोंडात टाकली. चावता येईना, कारण दाढा राहिल्या नव्हत्या. त्यानं मला माफ केलं म्हणावं तर तसा शब्द त्यानं काढला नव्हता. वीस वर्षं माझ्या शेजारी बसून, मी सांगितलेलं सगळं खरं मानून, हा माणूस माझ्या सांगण्याची वाट बघत होता.

शिट्टी झाली. दुसरा हाफ सुरू झाला.

"सांग आता," आनंदानं माझा गुडघा दाबला. "गप्प नको बसूस."

मी डोळे पुसले आणि बघायला लागलो. आमच्या मधल्या फळीतल्या पोरानं बॉल अडवला होता. "आपल्या आठ नंबरकडं हाय," मी म्हटलं. "पुढं चाललाय. त्याच्या अंगावर दोघं आलेत."

"उजवीकडं त्यांचं कोण न्हाई ना?"

मी बघितलं. उजवीकडं सगळं मोकळं होतं. आमचा एक पोरगा तिथं नुकता पोचत होता. आनंदानं विचारेपर्यंत मला ती जागा दिसलीच नव्हती.

"एक जण येतोय," मी म्हटलं.

"दिला बघ आता त्याला," आनंदा म्हणाला. त्याचे ते दगडासारखे डोळे समोर कुठंतरी लागले होते. "आता हा गोल मारणार."

बॉल उजवीकडं गेला. पोरानं तो अडवला, एकाला चकवलं आणि कोपऱ्यातून आत घातला. गॅलरी उठून उभी राहिली. आनंदा हसत टाळ्या पिटत होता.

मी त्याला सगळं सांगितलं, कुणी मारला, कुठल्या पायानं मारला, कीपर कुठं पडला. एकही गोष्ट लपवली नाही. आणि एवढं सगळं होऊनसुद्धा, जे मला दोन डोळ्यांनी दिसलं नव्हतं ते ह्याला आधी दिसलं म्हणून, सत्तरीत पोचलेल्या माझ्या पोटात दुखलं.